रामरावाच्या विहिरीतली शिट्टी

"डाव्या बाजूनं पुर! सुपडा डाव्या बाजूनंच पळते!" बाभळीचे लांब काटे मातीत उभे खोचत शेवंता म्हणाली.

"आन् करीमभाईच्या पायात गेला तं?" छोट्या उखर्ड्यानं विचारलं.

"करीम गोलात उभा राह्यते. तो कायले इकडे येईन?"

गोलाच्या बांबूला टेकून उभा असलेला करीम वैतागून म्हणाला, "शेवंते, परवा फायनल हाये! खामगावचे पोट्टे कसे खेळतात, मालूम हाये ना? सुपडा लंगडला तं गोल कोण मारीन? तू?"

"हरलो तं हरलो!" शेवंतानं शेवटचा काटा दाबला आणि वरून भुरभुर माती टाकली. "त्याच्या बापानं माह्या दादाले धरून देल्लं. त्याचा पोट्टा माह्याच दादाच्या नावाची ढाल जिंकून मिरवीन? मी जित्ती असेपर्यंत नाही!"

करीम मान हलवत गोलात परत गेला.

साल होतं १९४८, दिवाळीची सुट्टी. मोताळ्याच्या नळगंगेकाठच्या मैदानावर 'हुतात्मा ढाल' फुटबॉल सामने चालू होते. शेवंताचा मोठा भाऊ निवृत्ती आणि त्याचा दोस्त शालिग्राम यांच्या नावानं ते भरत. मोताळ्यात फुटबॉल आणला तोच मुळी निवृत्तीनं. बेचाळीसच्या चळवळीत दोघांनी तारा तोडल्या आणि रामरावाच्या शेतातल्या विहिरीत, आतल्या कपारीत, लपून बसले. पोलिसांनी ऐन पहाटे विहिरीला वेढा घातला. संध्याकाळी दोन्ही प्रेतं गावात आली. "नदीकडे पळत होते, म्हणून गोळी घातली," असं पोलीस म्हणाले.

खबर कोणी दिली? विहीर रामरावाची, म्हणजे खबरही रामरावानंच दिली, असं गावानं ठरवून टाकलं. तेव्हापासून त्याच्या ओट्यावर कोणी बसत नव्हतं. त्याचा मुलगा सुपडा मात्र हरणासारखा पळायचा, आणि त्याच्यासारखा डावा पाय साऱ्या तालुक्यात नव्हता. म्हणून किसनराव गुरुजींनी त्याला संघात घेतलं होतं. शेवंता त्याच्याशी आजवर एक शब्दही बोललेली नव्हती.

"आले! आले!" उखर्डा ओरडला. "पंजाबराव पाटलाची दमणी आली!"

पांढऱ्याशुभ्र बैलांची दमणी मैदानाच्या कडेला थांबली. पंजाबराव पाटील खाली उतरले. जरीचा फेटा, पिळदार मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ढाल त्यांनीच दिली होती आणि मांडवही त्यांचाच होता. किसनराव गुरुजी लगबगीनं पुढे गेले. सरावाला जमलेल्या मुलांना रांगेत उभं करून त्यांनी पाटलांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

पंजाबरावांना बोलायला फार आवडायचं. दोन शब्दांचे दोनशे झाले, आवाज चढत गेला.

"पोरांनो! त्या पहाटे भोवताली बंदुका रोखलेल्या! आणि आमचा निवृत्ती काय करतो? भ्यायला नाही, रडला नाही! त्या वाघानं विहिरीतून खणखणीत शिट्टी फुंकली! जणू मॅचच सुरू करून राह्यला! तशी छाती पाहिजे, तशी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपडानंही वाजवल्या. शेवंताचे हात मात्र तसेच राहिले.

दमणी निघून गेली तशी तिनं करीमचा हात धरून त्याला बाजूला ओढलं.

"ऐकलं काय रे तू? शिट्टी!"

"हाव, ऐकलं. मंग?"

"दादाची पितळी शिट्टी होती. खामगावच्या शाळेतून आणली होती त्यानं. गळ्यात असायची. दादाले घरी आणलं तवा गळ्यात नव्हती. मायनं पोलिसाले विचारलं तं तो म्हणे, आम्ही शिट्टीबिट्टी पाह्यलीच नाही. दादानं ती वाजवली, हे कोणाले मालूम? मायले नाही, मले नाही, गावाले नाही!"

करीमनं डोळे बारीक केले. "आन् पंजाबराव तं त्या दिवशी नागपूरले होते. दरसाल भाषणात सांगतात, मी इथं असतो तं त्याईले वाचवलं असतं."

"तेच तं!"

दोघं धावत किसनराव गुरुजींकडे गेली. गुरुजी खुर्च्यांच्या गडबडीत होते. त्यांनी अर्धवटच ऐकलं आणि हसले.

"अगं, भाषणात माणूस थोडं रंगवून बोलतो! पंजाबरावांसारख्या माणसावर असा आळ घेतात का? ढाल त्यांची, मांडव त्यांचा! जा, खेळा."

"रंगवून बोलले असतील तं शिट्टी कुठीच सापडणार नाही," बाहेर आल्यावर करीम हळूच म्हणाला. "पण शिट्टी त्या कपारीत सापडली, तं मंग ते खरं बोलले. आन् खरं बोलले, तं ते तिथं होते!"

शेवंतानं पदर कंबरेला खोचला. "चाल विहिरीवर!"

"विहीर रामरावाची हाये. सुपडाले विचारल्याबिगर उतरता येणार नाही."

शेवंतानं खालचा ओठ दातांत धरला. आणि मग ती मैदानाकडे वळली.

सुपडा एकटाच चेंडूला वंगण लावत बसला होता. शेवंता समोर येऊन उभी राहिलेली पाहून त्याचा हात थांबला.

"तुह्या विहिरीत उतराचं हाये," ती म्हणाली.

सुपडानं 'काऊन' म्हणून विचारलंसुद्धा नाही. उठला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "नाडा मी धरतो."

उखर्डाही त्यांच्या मागे पळत आला. रामरावाच्या शेतात कापूस फुटून पांढरा झाला होता. विहिरीवर मोटेचा जाड दोर होता, त्यालाच नाडा म्हणत. सुपडानं त्याचं एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं आणि दुसरं शेवंताच्या कंबरेला. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे पाणी बरंच वर होतं. भिंतीत पाय ठेवायला खोदलेले दगडी पायटे शेवाळानं हिरवेगार झाले होते.

"मीच उतरतो ना," करीम म्हणाला.

"माह्या दादाची शिट्टी हाये," शेवंता म्हणाली आणि काठाखाली गेली.

एकेक पायटा चाचपत ती उतरत होती. वरचं आभाळ लहान होत चाललं. पाण्याच्या जरा वर, मोटेच्या बरोब्बर समोरच्या भिंतीत, काळी कपार दिसली. शेवंतानं एक गुडघा आत टेकवला, आणि अंधारात काहीतरी सळसळलं!

"साप!"

तिचा पाय सुटला. धप्पकन ती पाण्यात पडली. थंडगार पाणी डोक्यावरून गेलं, नाकातोंडात शिरलं. तेवढ्यात कंबरेला जोराचा हिसका बसला आणि ती वर खेचली गेली.

"धर! कपारीची कड धर!" वरून सुपडा ओरडत होता. दोर त्याच्या तळहातांतून सरकला होता आणि कातडी सोलली गेली होती, पण त्यानं दोर सोडला नव्हता. "पाणदिवड असते ते! चावत नाही! तूच जास्त चावरी हाये!"

खोकत खोकत शेवंताला हसू आलं. ती कपारीत चढली. ओल्या गाळात दोन्ही हात घालून चाचपू लागली. खडे. पालापाचोळा. कधीतरी कुजून गेलेली सुतळी. आणि मग बोटांना लागलं काहीतरी गोल, गार.

तिनं ते पदरानं पुसलं. हिरवट पडलेलं पितळ. कडेला खिळ्यानं कोरलेलं अक्षर: 'नि'.

ती ते अक्षर बोटानं चाचपत राहिली. "शेवंते? ओ शेवंते! काय झालं वं?" उखर्डा रडवेला होऊन हाका मारायला लागला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "ओढा मले वर."

काठावर बसून चौघंही त्या शिट्टीकडे पाहत राहिली. कोणी ती वाजवली नाही.

"म्हणजे माह्या बापानं नाही," शेवटी सुपडा म्हणाला. "माह्या बापानं नाही केलं ते! मी सांगतच होतो. सगळ्याईले सांगतच होतो!"

शेवंतानं त्याच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. "सुपडा, मैदानात डाव्या बाजूले मी काटे..."

"मालूम हाये. मी काढले ते. तुम्ही गुरुजीकडे पळाले होते तवाच."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुह्या भावाले मारणाऱ्याचा पोट्टा होतो ना मी."

शेवंता ताडकन उठली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि डोळे लालबुंद झाले होते. "पंजाबरावाच्या अंगणात कापसाची गंजी हाये. आत्ता काडी लावते! दिवाळी होऊ दे त्याची!"

"मी येतो!" सुपडाही उठला.

"बसा बे दोघंही!" करीमनं दोघांना खाली ओढलं. "कापूस जळला तं लोक म्हणतील, बापावानी पोट्टाही तसाच. पंजाबराव छाती बडवून रडीन आन् गाव त्याच्या डोळ्याचं पाणी पुशीन. हे पाह्यजे तुले? शिट्टी दाखवली तरी तो म्हणीन, पोट्ट्याईनं कुठून तरी आणून टाकली. त्याचं त्यालेच बोलाले लावलं पाह्यजे. सगळ्या गावापुढं!"

"तो कायले बोलीन?"

उखर्डा नाक पुसत म्हणाला, "मी परवा त्यायच्या वाघाच्या शिकारीची गोष्ट चुकीची सांगितली, तं त्याईनं मले दोन घंटे उभं करून बरोबर गोष्ट सांगितली! मले घरी जेवाले जाऊ देल्लं नाही!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उखर्ड्या!" करीमनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुले डोस्कं हाये रे!"

दुसऱ्या दिवशी मुलांनी गुरुजींना गाठलं. "फायनलच्या आधी आम्ही हुतात्म्यांवर छोटंसं नाटक करतो." गुरुजी खूश झाले. "उत्तम! पंजाबरावांनाही आवडेल!"

"त्याईले तं लयच आवडीन, गुरुजी," शेवंता गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

फायनलच्या दिवशी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. मलकापूर, नांदुऱ्यापासून बैलगाड्या आल्या होत्या. मांडवात मधोमध पंजाबराव, बाजूला गुरुजी. पहिल्या रांगेत शेवंताची आई मनकर्णाबाई. आणि दूर, सगळ्यांत मागे, कडुनिंबाखाली एकटे उभे असलेले रामराव. सुपडा त्यांना हात जोडून घेऊन आला होता.

खाटेची विहीर झाली. गोणपाटाची भिंत झाली. सुपडा निवृत्ती झाला, तेव्हा लोकांत कुजबुज उठली. "रामरावाचा पोट्टा निवृत्ती?" पण नाटक सुरू झालं.

निवृत्ती आणि शालिग्राम मोटेच्या बाजूच्या भिंतीत लपून बसले.

पंजाबराव खुर्चीत चुळबुळले. "तिथं नाही बे! समोर! मोटेच्या समोर कपार हाये!"

लोक हसले. करीम पोलीस झाला होता. त्यानं ओरडून हुकूम सोडला आणि उखर्डा, म्हणजे शालिग्राम, घाबरून पाया पडत बाहेर आला. करीमनं काठीची बंदूक रोखली. "ठो!" उखर्डा कोलमडला. मागून निवृत्ती उडी मारून नदीकडे पळत सुटला.

"अरे, काय करून राह्यले हे!" पंजाबराव आता उभेच राहिले. काठी आपटत पुढे आले. "गाढवांनो! शालिग्राम आधी नाही, निवृत्ती आधी! आन् पळत कुठी? शिट्टी वाजवली त्यानं आधी, म्हणजे 'आम्ही येतो, गोळी झाडू नका' असं सांगाले! मंग दोन्ही हात वर करून चढला! पहिली गोळी इथं, छातीत, काठावर! शालिग्राम त्याले धराले धावला तवा दुसरी..."

ते थांबले.



मनकर्णाबाई सावकाश उठल्या. "पंजाबराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही तं नागपूरले होते ना?"

पंजाबरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी... म्हणजे ऐकलं मी... फौजदार साहेबानं सांगितलं..."

"फौजदार म्हणे ते नदीकडे पळत होते. साऱ्या गावाले तेच सांगितलं त्यानं," शेवंता म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली आणि शिट्टी आईच्या हातात ठेवली. "रामरावाच्या कपारीतून काढली मी. यायले ती कशी मालूम, माय? हात वर केले ते कसं मालूम? दादा काठावर आधी पडला ते कसं मालूम?"

मनकर्णाबाईंनी कोरलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "हात वर होते माह्या पोराचे," त्या म्हणाल्या. आधी पुटपुटल्या, मग मोठ्यानं, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं: "हात वर होते त्याचे! पळत नव्हता तो!"

"त्याच साली याले बंदुकीचा परवाना भेटला!" मागून कोणीतरी ओरडलं. "आन् रामरावाचं नाव पह्यल्यांदा यानंच घेतलं होतं! माह्या ओट्यावर!" दुसरं कोणी म्हणालं. लोक उठले. चपला हातात आल्या.

पंजाबराव दमणीकडे धावले. पण बैल कुठे होते? उखर्ड्यानं नाटकाआधीच ते सोडून नदीवर पाणी प्यायला हाकलले होते! रिकाम्या दमणीपुढे पाटील फेटा सावरत उभे राहिले आणि गर्दी त्यांच्यावर चालून आली.

शेवंताच्या हातात दगड होता. तो कधी उचलला, तिलाही कळलं नाही. पंजाबराव अगदी जवळ होते. नेम चुकला नसता.

"थांबा!" मनकर्णाबाई मध्ये आल्या. "कोणी हात लावू नका. मार खाल्ला की तो सुटला. त्याले आणा आन् पह्यल्या रांगेत बसवा. माह्या पोराच्या नावाची मॅच हाये. पाहू दे त्याले, शेवटपर्यंत. उन्हात."

शेवंताच्या मुठीतला दगड गळून पडला. तिला आईचा चेहरा असा कधीच दिसला नव्हता. रडत नव्हती ती. निवाडा करत होती.

आणि मग ती मॅच झाली! लोक ती कितीतरी वर्षं सांगत राहिले. पंजाबराव उघड्यावर खुर्चीत, डोक्यावर फेटा नाही, दोन्ही बाजूंची माणसं खुर्च्या सरकवून लांब बसलेली. खामगावचे पोट्टे तगडे होते. त्यांनी मोताळ्याला घाम फोडला. करीमनं एक चेंडू तर तोंडावर झेलला. नाकातून रक्त आलं, पण तो गोलातून हलला नाही.

शेवटच्या घटकेला सुपडाला डावीकडे चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या पायांतून चेंडू काढला.

"मार, सुपडा! मार!" शेवंता कंठ फोडून ओरडली. मैदानावरच्या साऱ्या आवाजांत तिचाच आवाज वर होता. "माह्या दादासाठी मार!"

सुपडानं सगळा राग डाव्या पायात आणला. चेंडू बांबूंमधून गेला आणि थेट पंजाबरावांच्या पायाशी जाऊन आपटला. ते दचकून मागे झाले. खुर्चीसकट उताणे पडले. त्यांना उचलायला कोणीही पुढे आलं नाही.

ढाल द्यायची वेळ आली तेव्हा सुपडानं हात मागे घेतले. "ही ढाल नोको आम्हाले, गुरुजी. देणाऱ्याचं नाव हाये तिच्यावर."

खामगावचा कप्तान पुढे आला आणि म्हणाला, "आम्हालेही नोको." ढाल टेबलावर तशीच राहिली.

किसनराव गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पोरांनो, तुम्ही माझ्याकडे आला होतात, आणि मी तुम्हाला हसलो," ते सगळ्यांपुढे म्हणाले. "आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही विहिरीत उतरून शोधलंत. शाबास, शेवंता! शाबास, पोरांनो!" मग ते स्वतः कडुनिंबाखाली गेले, रामरावांचा हात धरून त्यांना मांडवात घेऊन आले. मनकर्णाबाईंनी आपल्या शेजारची जागा पदरानं झाडली. रामराव बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून लहान मुलासारखे रडले.

पण गोष्ट तिथेच संपली नाही.

वेचणीचे दिवस होते. पंजाबरावांचं शेत कापसानं पांढरं झालं होतं आणि त्यात एकही बाई उतरली नाही. त्यांनी मजुरी वाढवली, निरोप पाठवले, शेजारच्या गावांतही माणूस धाडला. मनकर्णाबाईंचा शब्द त्याच्या आधीच तिथे पोचला होता. कापूस बोंडांतून लोंबला, गळाला, मातीत काळा पडला. गुरुजी आणि रामराव बुलढाण्याला जिल्ह्याच्या साहेबांकडे जाऊन आले. बंदूक जमा झाली. दुकानात पाटील आले की माणसं उठून जाऊ लागली.

एका सकाळी त्यांची दमणी सामान लादून गावाबाहेर निघाली. नदीच्या उतारावर, रस्त्याच्या मधोमध, शेवंता उभी होती. तिच्या एका बाजूला सुपडा, दुसऱ्या बाजूला करीम आणि उखर्डा.

गाडीवाल्यानं बैल थांबवले. "पोरी, बाजूले हो."

"होतो. आधी यायले माह्याकडे पाहू द्या."

पंजाबराव उपरण्यात तोंड झाकून बसले होते. ती हलली नाही. बैल फुरफुरले. अखेर त्यांनी उपरणं खाली केलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान मग वर झालीच नाही.

शेवंता बाजूला सरली. दमणी नदीपलीकडे दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती.

"झालं समाधान?" करीमनं विचारलं.

"झालं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अर्धं."

"चाल घरी," सुपडा म्हणाला. "माह्या मायनं अनारसे केले हायेत. तुह्या मायले आन् तुले घेऊन ये म्हणे. उखर्ड्या, तू सोडून सगळ्याईले बोलावलं हाये!"

"काऊन बे? बैल कोणी सोडले होते?" उखर्डा किंचाळला आणि सगळ्यांच्या पुढे रामरावाच्या घराकडे पळत सुटला.